इटालियन कप

मिरजेच्या आपल्या सायकल दुकानात दस्तगीर मुलाणी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. "साहेब, ज्या नळीत पायडलचा दांडा फिरतो, तिचे आटे इंग्लिश मापाचे आहेत. तुम्ही आणलेला उजव्या बाजूचा कप, म्हणजे तो दांडा धरणारी आट्यांची वाटी, इटालियन आहे. तो मिलिमीटरभर मोठा आहे, आणि त्याचे आटेही उलट दिशेचे आहेत."

समोर निवृत्त मुख्य अभियंता धामणकर उभे होते. शेजारी त्यांची मुलगी केतकी होती; तिची राज्य सायकल स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. ते म्हणाले, "मी नद्यांवर पूल बांधलेत. मला आटे शिकवू नकोस. पाना लाव आणि जोर दे."

जोर दिला असता तर नळीतले आटे कापले जाऊन फ्रेमच वाया गेली असती. पण दस्तगीरला आता वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यानं खणातला इंग्लिश कप काढून केतकीला दिला. "ताई, बोटांनी फिरवा. डावीकडे."

कप अलगद आत गेला. तो काढून दस्तगीरनं इटालियन कप धामणकरांच्या हातात ठेवला. त्यांनी दोन्हीकडे फिरवून पाहिला, पण तो तोंडाशीच अडला.

"म्हणून तर पाना म्हणतोय," ते म्हणाले.

"साहेब," दस्तगीर दमल्या आवाजात म्हणाला, "जुळणारा आटा बोटांनी आत शिरतो. पाना लागतोय तो तुमच्या हट्टाला."

केतकीनं वडिलांच्या हातातला कप काढून घेतला. धामणकर स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "डाव्या बाजूलाही इंग्लिशच लागेल ना?"

"लागेल. पण तो उजवीकडे फिरतो," दस्तगीर म्हणाला. "तेवढा तुम्ही बसवा."