डोंगरातील कैदी आणि चुन्याची निवळी

"आठ दिवसांच्या आत तो वायू आम्हांला डोळ्यांनी दाखवा!" राजा शार्दूलसेन गरजला. "मात्र डोंगराच्या दाराला बोटही लावायचे नाही. दाखवता आला नाही, तर आमच्या तुरुंगाची बदनामी करणारी तुमची विहीर दगडमातीने बुजवली जाईल!"

झरेवाडीचे गावकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. जी वस्तू दिसतच नाही, ती दाखवायची कशी? आणि गावाला विहीर तेवढी एकच होती.

प्रकरण असे होते. गडाचा नवा तट बांधण्यासाठी राजाने चुनखडीच्या बारा भट्ट्या पेटवल्या होत्या. भट्टीतून चुना निघे, तसा एक वायूही निघे. त्याला ना रंग, ना गंध. भट्टीशेजारच्या खळग्यात बसलेल्या चार मेंढ्या त्या वायूने गुदमरून मेल्या, तेव्हा प्रधान चक्रधरपंतांच्या बुद्धीला बहर आला. वायूने खून केले आहेत, सबब वायूला कैद करावे! झाले. नळ घातले, भाते लावले आणि झरेवाडीच्या माथ्यावरील डोंगरात जी जुनी, रिकामी खाण होती, तिच्यात तो वायू कोंडला. दाराच्या फटींत शिसे ओतले. दारापुढे चाळीस पहारेकरी उभे केले.

पहाऱ्याची शिस्त खरोखर वाखाणण्याजोगी होती. रोज सकाळी पहाऱ्याचा नाईक दारावर तीनदा काठी आपटून विचारी, "कैदी हजर आहे काय?" आतून कोणीही "नाही" म्हणत नसे. त्याअर्थी कैदी हजर आहे, असे ठरे. डोंगराला दाराखेरीज तळही असतो आणि तळाला भेगा असतात, याची चौकशी करण्याचा हुकूम नाइकाला नव्हता.

दोन वर्षे अशी निर्विघ्न गेली आणि झरेवाडीच्या विहिरीचे पाणी आंबूस लागू लागले. कैदी डोंगराच्या तळातून निसटून विहिरीत उतरला, अशी तक्रार करत गावकरी त्या पाण्याचा घडा घेऊन दरबारात आले.

"आंबूस?" चक्रधरपंत भर दरबारात हसले. "म्हणजे सरबताचे लिंबू वाचले, म्हणा! महाराज, कैदी जागेवर आहे. चाळीस माणसे डोळ्यांत तेल घालून दाराकडे पाहत आहेत."

"दाराकडेच पाहत आहेत, हे मात्र खरे!" मागून आवाज आला.

विड्यांचे तबक घेऊन येसू तांबोळीण उभी होती. राजाला रोज विडा देण्याचे काम तिचे. आणि ती झरेवाडीची सून.

"महाराज, आठ दिवस कशाला? एक विडा चघळून होईतो कैदी समोर उभा करते."

"येसू, पानाला चुना लावतेस तेवढे पुरे," राजा म्हणाला. "आम्हांला लावू नकोस!"

"आपल्याला चुना लावण्याची माझी काय योग्यता, महाराज? त्या कामाला दरबारात थोर माणसे आहेत."

चक्रधरपंतांना एकाएकी खोकला आला.

येसूने काचेचे तीन पेले मागवले आणि तबकातील लहानसा चंबू उचलला. "ही चुन्याची निवळी. चुना पाण्यात भिजवला, गाळ तळाशी बसला, की वर राहते ते हे नितळ पाणी." तिने तिन्ही पेल्यांत थोडी थोडी निवळी ओतली. पहिल्यात तिने आपल्या तांब्यातले डोंगरापलीकडच्या नदीचे पाणी घातले. पेला नितळ राहिला. दुसऱ्यात गावकऱ्यांच्या घड्यातले झरेवाडीच्या विहिरीचे पाणी घातले. पाहता पाहता पेला दुधासारखा पांढरा झाला!

"हा पाहा आपला कैदी!"

"लबाडी!" चक्रधरपंत ओरडले. "गावकऱ्यांनी पाण्यात पीठ कालवले आहे! महालातील विहिरीचे शुद्ध पाणी आणा. मी स्वतः ओततो."

पाणी आले. पंतांनी बाह्या सारून तिसऱ्या पेल्यात ते स्वहस्ते ओतले. पेला पांढराफटक पडला. पंतही पडले.

राजाने हातातील पाण्याचा चांदीचा पेला हळूच खाली ठेवला. "म्हणजे तो येथवर आला?"

"महिना झाला, महाराज. पानाचा चुना मी महालाच्याच पाण्यात भिजवत असे. निवळी धड निवळेना, म्हणून हल्ली नदीचे पाणी आणते. प्रधानजींच्या कानावर घातले होते. ते म्हणाले, 'तबक उचल आणि चालू लाग.'"

राजाने प्रधानांकडे पाहिले. परंतु इतक्या लवकर हार मानील तर तो राजा कसला? "पाण्यात काहीतरी आहे, हे मान्य. पण हा आमच्याच भट्टीचा वायू कशावरून? वाऱ्यावर काय कोणाचे नाव कोरलेले असते?"

"नाव नसते, महाराज, पण माहेर असते," येसू म्हणाली. "हा वायू चुनखडीच्या पोटचा. भट्टी पेटवून आपण त्याला तिच्यापासून तोडले, आणि मागे उरला तो चुना. सासुरवाशिणीला सात कुलपांत कोंडा. माहेरचे माणूस दिसले की ती धावत येऊन गळ्यात पडणारच! पेल्यात पांढरे दिसते ती या दोघांची गळाभेट. हा साका वाळवा आणि आपल्याच भट्टीत घाला. पुन्हा चुना निघाला नाही, तर विहीर मी स्वतः बुजवते!"

मग राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदखदून हसला, की मुकुट सावरायला दोन सेवक धावले.

"हरलो, येसूबाई, हरलो! भाते आजच बंद होतील. आजपासून राज्यातील प्रत्येक विहीर रोज तुमच्या निवळीने तपासली जाईल, आणि त्या खात्याच्या मुख्य तुम्ही. शिवाय आणखी काय हवे ते मागा!"

"ते चाळीस पहारेकरी द्या, महाराज. दोन वर्षांत त्यांच्या हातांना अगदी पुरेशी विश्रांती मिळाली आहे. नदीच्या अंगाला झरेवाडीसाठी नवी विहीर खणतील."

"दिले! पण मग दारापाशी पहाऱ्याला कोण?"

"प्रधानजी आहेत की! 'कैदी हजर आहे काय?' एवढे विचारायला एक माणूस पुष्कळ झाला."

राजा पुन्हा हसत सुटला. हसता हसता त्याने आपला चांदीचा पेला येसूबाईंच्या तबकात ठेवला. "हा तुमचा! फक्त आता आम्हांला घोटभर नदीचे पाणी पाजा!"