मोहरखडीच्या दारातला रांजण

थांबा पाहुणे, पेला शोधू नका. मोहरखडीच्या देवळाच्या दारात रांजण आहे, रांजणात पाणी आहे, वर खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं आहे, पण पेला नाही. ते ओगराळंही आपलं आपण बुडवायचं नसतं. तुम्ही ओंजळ धरायची आणि पाणी दुसऱ्यानं घालायचं. तोही तुमच्या घरचा नको, वहिनींनी तुम्हाला घातलेलं चालत नाही. आणि घालणाऱ्यानं इतकं वाकायचं की ओगराळं तुमच्या हाताला टेकलं पाहिजे. देऊळ म्हणजे तुम्ही शहरात चर्च म्हणता तेच, आम्ही पहिल्यापासून देऊळच म्हणतो. एकटा माणूस आला तर दुसऱ्या घरचं कुणी येईपर्यंत त्यानं या पायरीवर बसून राहायचं. पाळकसाहेबांनाही सूट नाही. मागच्या नाताळात लवकर आले आणि बसले इथंच, घड्याळ बघत.

आता तुम्ही विचारणार, देव काय घरी प्रार्थना ऐकत नाही? इथं येणारा प्रत्येक शहाणा हेच विचारतो. ऐकतो की. घरी रांजण तुमचा, ओगराळं तुमचं, हवं तेवढं प्या, कोण अडवतंय. पण मंडळीत, म्हणजे इथं सगळ्यांसोबत उपासनेला, यायचं तर दुसऱ्यापुढं हात पसरावे लागतात, आणि ते आम्ही कसं शिकलो याची एक गोष्ट आहे. मिरवण्यासारखी नाही, आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या गावांच्या गोष्टींत मोठे साधुपुरुष असतात, इथल्या गोष्टीत आमची मान खाली जाते. बसा, इथं सावली आहे.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. मोहरखडीच्या गावकुसाबाहेर तेव्हा दोन आळ्या होत्या. एक आमची, वरची. दुसरी ओढ्याकाठची, दोर वळणाऱ्यांची. गावाच्या लेखी दोन्ही सारख्याच, दोन्हीकडच्यांनी गावविहिरीला हात लावायचा नाही. विहिरीपासून दूर उभं राहायचं, ओंजळ पसरायची आणि कुणाला दया आली तर तो उंचावरून पाणी ओतायचा. निम्मं हातात, निम्मं मातीत. पण वरची आळी स्वतःला खालच्या आळीपेक्षा उंच समजायची. कशाच्या जोरावर, ते देव जाणे. आपल्यालाही कुणीतरी खाली असावं एवढंच असणार.

वरच्या आळीत भिवराबाई म्हणून एक विधवा होती. तिचं लेकरू कोंडाजी. त्याला कडेवर घेऊन ती विहिरीवर उभी राहायची. पाणी ओतणाऱ्याला हाक एकच, "लेकरू तान्हेलं हाये मालक, घोटभर पाणी घाला." उंचावरनं धार पडली की तिच्या ओंजळीत पाण्याचा फटफट आवाज व्हायचा. ओंजळ आधी कोंडाजीच्या तोंडाला लावायची, उरलं तर आपल्या. कोंडाजी मोठा झाला तरी तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही म्हणे.

पुढं वरच्या आळीनं ख्रिस्ताचं नाव घेतलं. आळीनं स्वतः खडक फोडून विहीर खणली, शेजारी दगडाचं हे देऊळ बांधलं. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी कोंडाजी तळाशी उभा होता. तिथंच त्यानं देवापुढं आण घेतली, की आता या जन्मात कुणापुढं ओंजळ धरणार नाही. त्यानं बाजारातून पितळी पेला आणला, साखळीला बांधून रांजणावर ठेवला. उपासनेआधी प्रत्येकानं पेल्यानं पाणी प्यायचं, ताठ मानेनं. लोक हसत, रडत प्याले. भिवराबाईनं तर पेला किती वेळ नुसता गालाला लावून धरला होता. पुढं आळीनं कोंडाजीला मंडळीचा पंच केलं, आणि रांजणाची राखण त्याच्याकडं आली.

कोंडाजी माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर आधी त्याला कळायचं. पण मंडळी आपण उभी केली, ती आपण सांभाळतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अशात एकदा पाळकबुवा फिरतीवर आले. कोसकोस लांबच्या गावांतून त्यांची फेरी असायची, इथं क्वचितच उतरायचे. या खेपेला ते सांगून गेले, की खालच्या आळीतल्या हैबती आणि ठकूबाई या नवराबायकोचा बाप्तिस्मा झालाय, त्यांना मंडळीत घ्या. कोंडाजी बरं म्हणाला. हैबती कोण, हे सांगायला नको होतं. देवळाच्या विहिरीला जो दोर होता तो हैबतीच्याच हातचा होता. रोज सकाळी सगळी आळी तो दोर ओढून पाणी काढत होती आणि त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता.

पाळकबुवांची पाठ वळली आणि आळीत कुजबुज सुरू झाली. त्यांनी तोंड लावलेला पेला आपण लावायचा का? चार घरांनी तर कोंडाजीला गाठून सांगितलं, तसं झालं तर आम्ही देवळाची पायरी चढणार नाही. कोंडाजीला धसका बसला. इतक्या कष्टानं बांधलेली मंडळी एका पेल्यावरून फुटणार. त्यानं रात्रभर विचार केला म्हणतात, आणि रविवारी सकाळी तोडगा काढला.

हैबती आणि ठकूबाई आले तेव्हा धुतलेल्या कपड्यांत होते. ओढ्यापासून चढ चढून आलेले, दोघंही घामाघूम. ठकूबाईनं पेल्याकडं हात नेला. कोंडाजीनं तो हळूच बाजूला घेतला, ओगराळं काढलं आणि म्हणाला, "ओंजळ धर." तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ओंजळ धरली. त्यानं हात उंच करून पाणी ओतलं. मग हैबतीला ओतलं. दोघांना दाराशी, काढून ठेवलेल्या जोड्यांजवळ बसायला सांगितलं. आतल्या मंडळीनं सगळं बघितलं. चार घरं आपापल्या जागी होती, मंडळी फुटली नाही, म्हणून कोंडाजीनं उपासनेत देवाचे आभारसुद्धा मानले. सांगायलाही लाज वाटते, पण मानले.

हैबती पुन्हा आला नाही. घरात बसून दोर वळणं बरं, म्हणाला. ठकूबाई मात्र दर रविवारी येत राहिली. एका बाईनं तिला हटकलं, की एवढं होऊन येतेस कशाला, घरी प्रार्थना करावी. ठकूबाई म्हणाली, म्हणे, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला तुमच्यात घेतलं असं बुवा बोलले होते. तुम्ही कधी घेताय ते बघायला येते. कोंडाजीच्या कानावर हे आलं, त्यानं ऐकून सोडून दिलं.

आता भिवराबाईचं ऐका. ती तोवर फार थकली होती. नजर अधू झाली होती, आणि डोकं मागं मागं जात होतं. सकाळचं जेवण ध्यानात राहत नव्हतं, सून कोण, नातू कोण, सगळं पुसलं गेलं होतं. कोंडाजीला तेवढं ओळखायची. त्याच्या पायरवावरून "कोंड्या, आलास का?" म्हणायची. दिवसभरात तिचं धड बोलणं ते एवढंच, आणि कोंडाजी कुठंही असला तरी ते ऐकायला दिवेलागणीला घरी यायचाच. रविवारी तिला हाताला धरून आणायचा आणि दारातल्या ओट्यावर, रांजणापाशी बसवायचा.

एका रविवारी, उन्हाळ्याचे दिवस, ठकूबाई पायरी चढून आली. कोंडाजीनं नेहमीसारखं ओगराळं उचललं, तिनं नेहमीसारखी ओंजळ धरली. उंचावरनं धार पडली आणि तो फटफट आवाज झाला.

भिवराबाईनं मान वर केली. ओट्याला धरून उठली. चाचपडत आली आणि ठकूबाईच्या मागं उभी राहिली, अंग चोरून, जरा लांबच. डावा हात तिनं कमरेशी असा धरला जसं काही कडेवर पोर आहे. मग तो काढून दोन्ही हातांची ओंजळ केली आणि कोंडाजीपुढं धरली.

"लेकरू तान्हेलं हाये मालक," ती म्हणाली, "घोटभर पाणी घाला."

आई, मी कोंड्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. ती मान हलवत राहिली, ओंजळ तशीच. त्यानं पेला भरून तिच्या हातात द्यायला घेतला तशी ती घाबरून मागं सरली. भांडं बाटेल मालक, म्हणाली, शिव्या पडतील, वरनंच घाला. ज्या पेल्याला तिनं गाल लावला होता, त्याला ती आता भीत होती. सगळी मंडळी दारात गोळा झाली होती. कोंडाजीच्या हातात ओगराळं होतं, समोर आईची ओंजळ होती, आणि त्याचा हात काही केल्या वर जाईना.

तेव्हा ठकूबाईनं त्याच्या हातातलं ओगराळं घेतलं. रांजणात बुडवलं, म्हातारीजवळ गेली, वाकली, आणि ओगराळं तिच्या तळहातांना टेकवून हळूच कलतं केलं. एक थेंब सांडला नाही. भिवराबाईनं आधी ओंजळ कमरेपाशी नेली, नसलेल्या पोराला पाजलं, मग उरलेलं स्वतः प्याली. ओल्या हातांनी तिनं ठकूबाईचं तोंड चाचपलं.

"कुणाची गं तू?"

"तुमच्याच घरची हाये, माय," ठकूबाई म्हणाली.

कोंडाजीनं हे ऐकलं आणि त्याचे हात आपोआप पुढं आले. विहिरीच्या तळाशी घेतलेली आण त्यानं मोडली, सगळ्यांदेखत ठकूबाईपुढं ओंजळ धरली. तिनं लगेच पाणी घातलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही घातलं. ओगराळं हातात धरून ती म्हणाली, "पंच, आधी माझ्या घरधन्याला घेऊन या."

कोंडाजी तसाच तहानलेला, भर उन्हात खालच्या आळीत गेला. त्या आळीत त्यानं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. हैबती अंगणात दोर वळत होता. कोंडाजी समोर जाऊन उभा राहिला. हैबतीनं वर न बघताच सांगितलं, की दोर अर्धा सोडून उठता येत नाही, पीळ उलगडतो. दोराचं दुसरं टोक झाडाला बांधलेलं होतं. कोंडाजीनं ते सोडलं, स्वतःच्या हातात घेतलं आणि ताणून उभा राहिला. हैबतीनं पीळ द्यायला घेतला. तळहात सोलून निघाले तरी कोंडाजीनं टोक सोडलं नाही. दोर पुरा झाल्यावर हैबतीनं हात झटकले आणि पागोटं घातलं.

इकडं मंडळीतलं कुणी आत गेलं नव्हतं. ती चार घरंसुद्धा उन्हात उभी होती. ठकूबाईनं आधी नवऱ्याला पाणी घातलं, मग कोंडाजीला. सोललेल्या हातांना ते झोंबलं असणार. मग कोंडाजीनं वाकून त्या दोघांना घातलं, त्यांनी चार घरांना, असं करत सगळे प्याले आणि ऊन कलल्यावर उपासना झाली. पेला कोंडाजीनं साखळीसकट विहिरीत टाकला. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की तो चमकतो म्हणे. बघितल्याचं सांगणारे आहेत.

गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती. पण त्या दिवशी दिवेलागणीला कोंडाजी घरी गेला. पायरव ऐकून भिवराबाई उठून उभी राहिली आणि भिंतीशी सरकली. "मालक," म्हणाली. कोंड्या गेला तो गेलाच. शेवटपर्यंत तिला पाणी ठकूबाईच्याच हातचं लागलं, आणि आपला मुलगा कुठं आहे हे ती ठकूबाईलाच विचारायची. कोंडाजी उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचा. मंडळीनं त्याला माफ केलं, ठकूबाईनं केलं, हैबतीनंही उशिरानं केलं. आईकडून तेवढी माफी राहिली, कारण कशाची माफी हेच तिला कळत नव्हतं. मरताना त्यानं बजावून ठेवलं, की ही गोष्ट सांगाल तेव्हा माझं नाव झाकू नका. म्हणून नाव घेऊन सांगतो.

आजही मोहरखडीत नवा पंच निवडला की त्याला आधी गादीवर बसवत नाहीत. मंडळीत सगळ्यांत शेवटी आलेलं जे कुणी असेल, मजूर असो, परगावची सून असो, त्याच्यापुढं पंचानं या पायरीवर अनवाणी उभं राहून ओंजळ धरायची आणि भिवराबाईचे शब्द म्हणायचे: लेकरू तान्हेलं हाये मालक, घोटभर पाणी घाला. भल्याभल्यांचा आवाज "मालक" म्हणताना अडतो. सगळी मंडळी उन्हात थांबते, मदत कुणी करत नाही. तो म्हणाला की नव्या माणसानं म्हणायचं, मी तुमच्याच घरचा, आणि वाकून पाणी घालायचं. त्या वेळी इथं सगळे कान देऊन असतात. ओगराळं हाताला टेकलेलं असतं, त्यामुळं पाणी पडल्याचा आवाज येत नाही.