नारळ फुटेना

फौजदारकीतून निवृत्त झाल्यावर हिंदुरावांनी साठाव्या वर्षी दणदणीत मोटारसायकल घेतली. "हेल्मेट भित्र्यांनी घालावं," असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. त्यांच्या बायकोच्या, इंदुमतीबाईंच्या, जिवाला मात्र घोर लागला. पण फौजदारांशी वाद घालणार कोण?

गाडीच्या पूजेला गल्ली जमली. बाईंनी नारळ हेल्मेटात घालून पट्टा आवळला आणि ते नवऱ्याच्या हाती दिलं. "हं, फोडा आता."

फौजदारांनी ते तीनदा दगडावर आपटलं. आतला नारळ शाबूत!

"अगं, नव्या गाडीला नारळ फुटेना! अपशकुन आहे हा!" फौजदार कडाडले.

बाईंनी नारळ बाहेर काढला आणि तेच हेल्मेट त्यांच्या टकलावर चढवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला हाच शकुन हवा होता. आता हा नारळही असाच रोज शाबूत घरी येऊ दे."