सहाव्यांदा विचारलेला प्रश्न

कोंदणवाडी दूध संघाच्या तक्रार-खिडकीवर माणूस टिकत नसे. नासक्या दुधाच्या पिशव्या घेऊन लोक भांडायला येत आणि महिन्याभरात खिडकीतला कारकूनही उलट भांडू लागे. म्हणून व्यवस्थापक नाचणेसाहेबांनी कुठल्याशा शिबिरातून दोनशे प्रश्नांची स्वभाव-चाचणी आणली. तेव्हापासून ते उमेदवाराकडे बघायचे सोडून त्याच्या कागदाकडेच बघत.

वृंदा कुलथे ज्या छापखान्यात होती, तो बंद पडून आठ महिने झाले होते. ही नोकरी तिला हवीच होती. सकाळी दहा ते दुपारी दोन, पाण्याच्या घोटाविना, तिने दोनशे प्रश्न सोडवले.

साहेबांनी उत्तरं तपासली आणि कागद टेबलावर आपटला.

"बाई, 'तुम्हाला राग येतो का?' याला नवव्या प्रश्नात 'नाही' लिहिलंत आणि एकशेनव्वदाव्यात 'हो'! लबाडी पकडायलाच आम्ही तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. यातलं खोटं कुठलं?"

नोकरी हातची चालली, हे वृंदाला दिसत होतं. तरी तिचा आवाज चढला नाही.

"दोन्ही खरी आहेत, साहेब. हा प्रश्न तुम्ही सहा वेळा विचारलात. पाच वेळा मला राग आला नाही, सहाव्यांदा आला. तोही मी मुकाट्याने कागदावर लिहिला. तुमच्या खिडकीवर याहून थंड डोक्याचा माणूस मिळाला असेल, तर खुशाल त्याला घ्या."

साहेबांनी बोट ठेवून 'नाही' मोजले. पाच भरले.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "आणि जाताना बाहेर लिहीत बसलेल्यांना सांगा, शंभराच्या पुढचे प्रश्न राहू द्या."