भुऱ्याची जखम

“वस्ताद, खांदा दाबू का सोडू?”

हा प्रश्न इंद्रजितने जोडीदाराला खाली धरून विचारला, आणि त्याला उत्तर मिळायच्या आत बातमी आली.

रोजच्यासारखीच सकाळ होती. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती नुकती उकरून झाली होती. मारुतीपुढची उदबत्ती अजून जळत होती. तालमीच्या दारातून कुणीतरी इंद्रजितचा फोन हातात धरून आत आलं.

त्याचे वडील गेले होते. पहाटे गोठ्यात धार काढायला बसले, ते उठलेच नाहीत.

हिंदुराव वस्ताद म्हणाले, “सोड. घरी जा.”

तो गावाकडे गेला, आणि रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परत तालमीत हजर झाला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली.

“सुतकात आलास?” वस्तादांनी विचारलं.

“सुतक घरात, वस्ताद. मातीला कसलं सुतक?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. “काय छाती हाय गड्याची,” कुणीतरी म्हणालं. इंद्रजितने ते ऐकलं.

“आणि टोपलीत काय?”

“भुऱ्या. आबांचा बोका. त्यांची वाट बघत दारात बसतोय आणि सारखा ओरडतोय. आईला ऐकवत न्हाई. म्हणून आणला.”

“घरी लोक भेटायला येत असतील.”

“येत्यात. आई हाय की.”

…

इंद्रजितने कपडे उतरवले, लंगोट कसला आणि मातीत उतरला. त्या दिवशी त्याने समोर येईल त्याला आपटलं.

तालमीमागच्या बोळात एक दांडगा काळा बोका होता. नवा गडी आलेला त्याला रुचला नाही. त्याची आणि भुऱ्याची जुंपली. दुसऱ्या दिवशी भुऱ्याच्या गालावर, कानाच्या खाली, एक बारीक भोक दिसलं. ज्वारीच्या दाण्याएवढंही नव्हतं.

इंद्रजितने हौद्यातली चिमूटभर माती उचलली. तालमीच्या मातीत हळद असते, ताक असतं, लिंबू, तेल, कापूर असतो. पैलवानाचं काही फुटलं, खरचटलं, की हीच माती लावायची, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्याने ती माती बोटाने दाबून भोकात भरली.

लवकरच खपली धरली. भुऱ्याला काखेत मारून तो वस्तादांपुढे उभा राहिला.

“बघा. मिटली.”

वस्तादांनी पालथा हात भुऱ्याच्या गालावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“गरम लागतंय.”

“भरत आलीय. म्हणून.”

“खातोय का?”

“दूध ठेवलंय.”

“खातोय का, ते विचारलं मी.”

“त्याचं माझ्यासारखंच हाय, वस्ताद. चार घास कमी गेले म्हणून आम्ही पडत न्हाई.”

वस्तादांनी आधी बोक्याकडे पाहिलं. मग इंद्रजितकडे.

…

एका रात्रीत गाल लिंबाएवढा फुगला. त्या बाजूचा डोळा मिटला. भुऱ्या टोपलीत तोंड खुपसून पडला. हाक मारली तर कानही हलेना.

इंद्रजितने आपल्या पेटीतून अंगदुखीची गोळी काढली आणि दाताने अर्धी केली. वस्तादांनी त्याच्या तळहातावरून तो तुकडा उचलला.

“ही माणसाची. मांजराला देऊ नये. मरतं.”

“मग काय करू?”

त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“टोपली उचल.”

जनावरांच्या दवाखान्यात तांबोळी डॉक्टर होत्या. त्यांनी भुऱ्याचा ताप पाहिला, गाल बोटांनी चाचपला.

“गळू झालंय. आत पू भरलाय. मांजर कुणाचं?”

“वडलांचं.”

“ते आलेत का सोबत?”

“न्हाईत,” इंद्रजित म्हणाला. “त्यांचं मागं एवढंच उरलंय, मॅडम. ह्याला काय होऊ देऊ नका.”

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि सुई भरली. “आधी ती जागा बधिर करते. नीट धरा.”

इंद्रजितने धरलं. मानगूट आणि कंबर, कुस्तीत समोरच्या गड्याला धरावं तसं. भुऱ्या एकदा आकसला, एकदा वळला आणि निसटला. इंद्रजितच्या दंडावर रक्ताच्या रेघा उठल्या. बोका औषधांच्या कपाटाखाली जाऊन बसला.

“पैलवान ना तुम्ही?” डॉक्टर म्हणाल्या.

वस्तादांनी डोक्यावरचा फेटा सोडायला सुरुवात केली.

इंद्रजित बघत राहिला. मारुती सोडला तर वस्तादांनी कुणापुढे फेटा उतरवलेला त्याने पाहिला नव्हता. आतले केस विरळ होते, पांढरे होते. वस्ताद गुडघ्यांवर बसले, फेट्याचा पदर कपाटापुढे पसरला आणि थांबले. बोलावलं नाही, ओढलं नाही.

बऱ्याच वेळाने भुऱ्या सरपटत पुढे आला आणि त्या कापडावर बसला. वस्तादांनी चारी बाजूंनी फेटा गुंडाळला. नुसतं तोंड बाहेर ठेवलं.

“धर.”

“परत निसटंल.”

“पाडायला धरू नकोस.”

“मग कशाला धरू?”

“नुसता धर.”

इंद्रजितने दोन्ही हातांनी ते गाठोडं छातीशी घेतलं. आतली थरथर त्याच्या तळव्यांत येत होती. त्याने जोर लावला नाही. भुऱ्या राहिला.

डॉक्टरांनी केस कापले, जागा पुसली आणि पातं टेकवलं. आधी तांबडी माती बाहेर आली. मग बाकीचं. खोलीत वास भरला.

“ही माती कुणी भरली?”

“मी.”

“मांजराचा दात सुईसारखा असतो. वर एवढंसं भोक, पण घाण खोल गेलेली. तुम्ही दारच लिंपून टाकलंत.”

इंद्रजितचे हात हलले नाहीत. डॉक्टरांनी पिचकारीने जखम पुन्हा पुन्हा धुतली, पाणी निवळ येईपर्यंत.

“आता टाके?” त्याने विचारलं.

“टाके नाहीत.”

“मग पट्टी?”

“पट्टीही नाही. उघडी राहू दे. कोमट पाण्याचं फडकं रोज धरायचं. वरून मिटायला बघेल, मिटू द्यायची नाही. आतून भरत यायला हवी. औषध लिहून देते, बरा दिसला म्हणून मध्येच थांबवायचं नाही.”

“घाण येत राहील की.”

“येऊ दे ना. यायलाच पाहिजे.”

भुऱ्याच्या गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा बसला, जखम ओरबाडू नये म्हणून. तालमीत पोरं जमली.

“अरं, ह्याला लाउडस्पीकर बसवला व्हय?”

“इंद्रादादा, बाळंतीण झाली का मांजर? शेक-शेगडी चाललीय!”

इंद्रजित हसला नाही, चिडलाही नाही. सकाळ-संध्याकाळ तो पायरीवर बसायचा, पाणी मनगटावर थेंब टाकून बघायचा, फडकं पिळायचा आणि गालावर धरायचा. सकाळचे जोर चुकायला लागले. वस्ताद ते बघत होते, पण एकदाही त्यांनी हाक मारली नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना माहीत असतं, अशा वेळी हातात एखादं ओलं फडकं असलेलं बरं.

सूज उतरत गेली. डोळा उघडला. पण भुऱ्या खाईना. बोटाने चाटवलं तेवढंच.

मग एका सकाळी इंद्रजितने दुधात भाकरी कुस्करली, वाडगा पुढे ठेवला आणि गळ्यातला पट्टा घडीभर काढला. भुऱ्याने हुंगलं. मागे सरला. परत पुढे आला आणि खायला लागला. तोंडाचा आवाज करत, वाडगा फरशीवर ढकलत, भिंतीपर्यंत. सगळं संपवून त्याने रिकामा वाडगासुद्धा चाटला.

“खाल्लं!” इंद्रजित ओरडला. “वस्ताद, खाल्लं त्यानं!”

हौद्यातली पोरं थांबली. कुणीतरी शीळ घातली. इंद्रजित हसत होता. हसता हसता त्याने वाडगा हातात घेतला.

“आबा आधी ह्याला घालायचे,” तो म्हणाला. “मग स्वतः बसायचे. आई वरडायची, बोका मोठा का माणूस मोठं… ते म्हणायचे…”

वाडगा छातीशी धरून तो रडायला लागला.

वस्ताद येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आत जोडी लागली होती, पोरं ओरडत होती. वस्ताद तिकडे गेले नाहीत. त्यांनी इंद्रजितला गप्प केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्याच्या मांडीवरचं फडकं गार झालं होतं, ते तेवढं उचलून पाण्यात टाकलं.

…

ऊन पायरीवर आलं तेव्हा इंद्रजितने नाक पुसलं.

“भूक लागलीय,” तो म्हणाला.

वस्तादांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला दिली. त्याने ती सगळी खाल्ली.

“वस्ताद… ह्याला घरी नेला तर परत दारात जाऊन बसंल.”

“बसंल.”

“ओरडंल.”

“ओरडू दे की.”

इंद्रजितने भुऱ्याला टोपलीत ठेवलं. औषधाची बाटली आणि फडकं पिशवीत घातलं. झाकण लावलं नाही. भुऱ्याने काठावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

“आईला दाखवायचंय, जखम कशी शेकायची ते,” तो म्हणाला. “दुपारच्या गाडीनं जातो. जाऊ का?”

वस्ताद उठले. दोरीवर धुतलेला फेटा वाळत होता. एका टोकाला पिवळट डाग राहून गेला होता. त्यांनी तो उतरवला, झटकला आणि डोक्याला बांधायला लागले. शेवटचा पदर खोवला.

“थांब जरा, मीही येतो. तुझ्या आईला भेटायचं राहिलंय माझं.”