संकष्टीचा रस्सा

संकष्टीच्या दिवशी राणीसाहेबांच्या ताटात कोंबडीचा झणझणीत रस्सा आला, आणि त्यांनी महाल डोक्यावर घेतला!

"मी साबुदाण्याची खिचडी मागवली होती!"

महाराज वज्रकेतूंनी विचार करायचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी आचारी सखोबाला फर्मावलं, "सूर्यास्तापर्यंत पळी खाली ठेव आणि राज्य सोड!"

सखोबाची मुलगी तानी तडक दरबारात आली. तंत्रनिकेतनात शिकलेली, तोंडानं फटकळ. "महाराज, माझ्या बापानं आलेला निरोप रांधला. खोट निरोपाच्या दारात आहे!"

हे दार म्हणजे महालाचा एपीआय. फोनवरून कोणी जेवण मागितलं, की मागणी त्यातूनच मुदपाकखान्यात जाई. ते पायथन नावाच्या संगणकी भाषेत लिहिलं होतं संगणकप्रधान चंडकर्णांनी. पायथन म्हणजे काय, हे विचारायची दरबारात कोणाची छाती नव्हती. तेवढ्यावर चंडकर्ण महापंडित ठरले होते.

"माझ्या दारात खोट?" ते फिस्कारले. "ते प्रत्येकाला नाव विचारतं, पासवर्ड विचारतं! ढीगभर चाचण्या घेतल्यात मी, सगळ्या पास, हिरव्यागार! हा आचारीच गबाळा. त्याच दिवशी मी मुद्दाम हातानं मागणी लिहून रस्सा मागवला होता. तो मला अजून मिळालेला नाही!"

"चाचण्या कोणी लिहिल्या, प्रधानजी?"

"मी!"

"आणि पास कोणी केल्या?"

"मीच!"

"मग पहिला नंबर आला, यात नवल ते काय?"

दरबारी हसले, आणि महाराजांनी डोळे वटारताच गप्प झाले. त्यांना पगार त्याचाच होता.

"फार बोलतेस!" महाराज गरजले. "माझ्या ताटात तुला हवा तो पदार्थ आणून दाखव. माझ्या फोनला हात लावायचा नाही, माझा पासवर्ड चोरायचा नाही. जमलं नाही, तर बापाबरोबर तूही चालती हो!"

"आणि दाराला स्वतःचं खरं नाव सांगायचं!" चंडकर्णांनी मिशीला पीळ दिला. "थापा चालणार नाहीत!"

"एवढ्या सोप्या अटी घालू नका, प्रधानजी. लोक म्हणतील, तुम्ही मला सामील आहात."

तानीनं सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. दारानं विचारलं, कोण? तिनं लिहिलं, तानी, सखोबाची मुलगी. पासवर्डही स्वतःचाच दिला. दारानं आत घेतलं. मग मागणीत जिथं तिच्या ताटाचा नंबर होता, तिथं तो खोडून तिनं एक लिहिला. एक नंबरचं ताट महाराजांचं, हे महालातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पुढं तिनं लिहिलं, कारल्याची भाजी. गूळ नको.

महाराजांना कारल्याचं नाव काढलं तरी ठसका लागे.

थोड्या वेळानं सेवक झाकलेलं ताट घेऊन आला. महाराजांनी झाकण उचललं आणि ठसकले. "हे कोणी मागवलं?"

सेवक गोंधळला. "आपणच, महाराज! मुदपाकखान्यात तसाच निरोप आला."

चंडकर्णांची मिशी आपोआप खाली आली. "अशक्य! दारानं हिला ओळखलं होतं!"

"ओळखलं तर! मी तानी, हे त्याला पक्कं कळलं," तानी म्हणाली. "पण हे ताट तुझं आहे का, हे तुमचं दार कोणालाच विचारत नाही! आणि तुमच्या चाचण्यांत जो तो शहाण्यासारखं स्वतःचंच ताट मागतो. दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा तुम्ही एकदाही पाठवला नाहीत. मग होणारच हिरव्यागार!"

"पण राणीच्या ताटात रस्सा मागवण्याची हिंमत केली कोणी?" महाराजांनी विचारलं.

तानी चंडकर्णांकडे वळली. "प्रधानजी, तुमच्या ताटाचा नंबर?"

"बारा."

"आणि राणीसाहेबांच्या?"

"दोन." चंडकर्णांचा चेहरा पडला.

"हातानं मागणी लिहिताना तुमचा बारातला एकाचा आकडा राहून गेला, उरले दोन. दारानं हूं की चूं न करता राणीसाहेबांची खिचडी पुसून रस्सा लिहिला. आता कळलं, तुमचा रस्सा कुठं गेला?"

मग महाराज असे खदखदून हसले, की मुकुट कलला. पडद्याआडून राणीसाहेबही हसल्या!

"सखोबाला सांगा, पळी खाली ठेवू नकोस! तानी, हा कंठा घे. आजपासून दार तुझं आणि चाचण्याही तुझ्या!" डोळे पुसत महाराजांनी कारल्याचं ताट पुढं सरकवलं. "घ्या प्रधानजी, जेवून घ्या. तुमचं जेवण राहिलंय ना!"