रंगाऱ्याच्या लेकीचं गाठोडं

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक रंगारी राहत होता. त्याच्या अंगणात बारा महिने रंगाची कढई चुलीवर असे आणि दोऱ्यांवर ओली कापडं वाऱ्याला हलत असत. त्याची बायको लवकर वारली. मागे एक मुलगी होती, केशर. लाड करायची दुसरी रीत रंगाऱ्याला ठाऊक नव्हती, म्हणून तो तिच्यासाठी कापड रंगवायचा. दिवाळीला एक, दसऱ्याला एक. तिचा पहिला दात पडला तेव्हाही त्यानं एक परकर रंगवला होता. केशर लग्नाची झाली तोवर तिची पेटी इतकी भरली, की झाकण लावायचं तर शेजारणीला बोलावून वर बसवावं लागे.

केशरचं लग्न डोंगरमाथ्यावरच्या एका गावात ठरलं. माणसं चांगली होती, वाटाण्याची शेती होती, चार म्हशी होत्या. पण मार्गशीर्ष लागला की तिथं अशी थंडी पडे, की सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं होई. आणि वर जायची वाट अशी अरुंद, की गाडी सोडाच, पेटी डोक्यावर घेतलेला माणूसही वळणावर अडकावा. ज्याचं ओझं त्यानं पाठीवर न्यायचं, हा त्या वाटेचा नियम.

"पेटी इथंच राहू दे," रंगारी म्हणाला. "तू एक गाठोडं घे. थंडीचे महिने तेवढ्यात निघाले पाहिजेत."

केशरचे डोळे भरून आले. "अप्पा, ह्यातलं कोणतं तुम्ही मनापासून रंगवलं नाही ते सांगा. तेवढं ठेवून जाते."

रंगाऱ्यानं पेटी ओसरीवर उपडी केली आणि उन्हात बसला. तिलाही समोर बसवलं.

"मी कापड रंगवतो ना, तेव्हा एकट्या रंगाकडे बघत नाही," तो म्हणाला. "तो आपल्या शेजारी कुणाकुणाला बसू देतो, ते बघतो. आपण तसंच निवडू."

मग दोघं दुपारभर एकेक कपडा दुसऱ्याशेजारी ठेवून बघत राहिली. हळदीच्या पिवळ्या रंगाचं एक लुगडं निघालं आणि निळीत बुडवलेलं एक गडद निळं. मनगटापर्यंत बाह्या असलेल्या तीन चोळ्या निघाल्या, डाळिंबी, पोपटी आणि नारिंगी. कोणतीही चोळी कोणत्याही लुगड्यावर खुलून दिसे. वर एक जाड मोरपंखी शाल. आणि शेवटी रंगाऱ्यानं आतून एक लांब बाह्यांची बंडी आणली. दुहेरी कापडात कापूस भरून त्यानं ती स्वतः शिवली होती आणि मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवली होती.

"सातच कपडे झाले," तो म्हणाला, "पण अदलून बदलून घातलेस तर आठवडाभर रोज वेगळी दिसशील."

केशरनं बंडी अंगात घालून पाहिली. "अप्पा, ह्यात मी धान्याची कणगी दिसते."

"कणगीला थंडी वाजत नाही," रंगारी म्हणाला.

पेटीत तिचा सगळ्यात आवडता रेशमी शालू होता, जांभळ्या रंगाचा. त्या जांभळ्यासाठी रंगारी तीन महिने खपला होता आणि तसा रंग त्याला स्वतःलाही पुन्हा साधला नव्हता. त्यानं शालू एकेका कपड्याजवळ नेला. पिवळं लुगडं त्याच्याशेजारी विटकं दिसू लागलं, निळं मळकट. लाल बंडीजवळ तर दोन्ही बघवेनात.

"हा एकटा राहणारा आहे," रंगारी म्हणाला. "पेटीत ठेव. मंगळागौरीला माहेरी येशील तेव्हा नेस."

केशरनं मान हलवली. पण मान हलली तरी मन हललं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी रंगारी नदीवर गेला होता आणि वऱ्हाडी मंडळी बाहेर घाई करत होती. केशर गाठोड्यापाशी एकटीच होती. तिच्या मनात आलं, नव्या गावात सगळे आपल्याला पहिल्यांदाच बघणार. रंगाऱ्याची लेक आली म्हणून बघणार, आणि बघणार काय, तर कणगी. तिनं गाठ सोडली, बंडी काढली, पाण्याच्या मोठ्या रांजणामागे कोंबली आणि तिच्या जागी शालू ठेवला. गाठोडं दिसायला होतं तेवढंच राहिलं.

रंगारी परत आला. त्यानं गाठ पुन्हा आवळली आणि गाठोडं उचलून पाहिलं. "हलकं वाटतंय."

"आज तुमचा हात दुखत नसेल," केशर म्हणाली आणि पटकन त्याच्या पाया पडली.

सासरी पहिले तीन दिवस मोठ्या कौतुकात गेले. त्या गावात सगळी माणसं काळ्या नाहीतर तपकिरी घोंगड्यांत वावरत. जांभळा शालू नेसलेली नवी नवरी बघायला बायका लांबून आल्या, पदर हातात धरून बघून गेल्या. चौथ्या दिवशी पहाट झाली आणि केशर सासूबरोबर म्हशींच्या गोठ्यात गेली.

तिथं शालूचा काही उपयोग नव्हता. तो बोटांतून सुटे, गवतात अडके आणि गारठ्यात अंगाला असा थंड लागे, जणू ओलाच आहे. तिनं लुगडं नेसलं आणि शाल पांघरली, तर धार काढताना दोन्ही हात गुंतत आणि शाल घसरून दुधाच्या चरवीत जाई. मग ती लुगड्यावर लुगडं नेसू लागली, चोळीवर चोळी घालू लागली. तरी वारा आत शिरायचाच. तिच्या गारठलेल्या बोटांनी म्हैससुद्धा बिचकायची.

सासू दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "केशर, वडिलांनी थंडीचं अंगात घालायला काही दिलं नाही का गं?"

बोलायची वेळ तीच होती. केशरनं तोंड उघडलंही. पण बंडी दिली होती म्हणायचं, तर ती कुठं आहे तेही सांगावं लागलं असतं.

"मला थंडी फारशी वाजत नाही, सासूबाई," ती म्हणाली.

सासूला वाटलं, पोर बापाला सांभाळून घेतेय. तिनं घरातलं एक जुनं घोंगडं काढून दिलं, पण ते इतकं जड, की पांघरून बसता येई, काम करता येत नसे. सासूच्या मनात मात्र राग साठत गेला. पाणवठ्यावर एकदा तो बाहेर पडला.

"बाप सगळ्या मुलखाचे कपडे रंगवतो, आणि लेकीला उघडी धाडली," ती शेजारणीला म्हणाली.

बोलणं एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. आठवडाभरात ते केशरच्या कानावर आलं. तिची घागर भरून वाहू लागली तरी ती तशीच उभी राहिली. रोज सकाळी ती ठरवी, आज सांगायचं. पण आदल्या दिवशी जे सांगायला कठीण होतं, ते दुसऱ्या दिवशी आणखी कठीण झालेलं असे.

इकडे संक्रांत जवळ आली म्हणून रंगारी घर झाडायला लागला. रांजण बाजूला सरकवला तर मागे लाल बंडी. ती हातात घेऊन तो खाली बसला. त्या दिवशी गाठोडं हलकं का लागलं, ते त्याला कळलं. राग आला नाही. पोर दीड महिना काय पांघरत असेल, एवढाच विचार त्याच्या मनात आला. त्यानं चुलीतली लाकडं ओढली आणि कढई उतरवली. शेजारणीकडून तिळगूळ बांधून घेतला आणि निघाला. त्याच्या अंगात रोजचाच पातळ सदरा होता आणि खांद्यावर उपरणं. नदीकाठच्या माणसाकडे थंडीचे कपडे कुठून असणार?

दोन दिवस चढून तो दुपारी वर पोचला. अंगणात सासू दोन शेजारणींबरोबर वाटाणे सोलत बसली होती. केशर भांडी घासत होती आणि तिचा नवरा भिंतीशी टेकून दोर वळत होता. रंगाऱ्याचे ओठ काळेनिळे पडले होते. सासूची नजर आधी त्याच्या हातावरच्या बंडीकडे गेली.

"आता आणलीत होय, व्याहीबुवा?" ती म्हणाली. "दीड महिना झाला, पोर कुडकुडतेय."

शेजारणींचे हात थांबले. रंगाऱ्यानं लेकीकडे पाहिलं. एकावर एक दोन लुगडी, फुटलेले ओठ, लाल झालेली बोटं. त्यानं हात जोडले.

"चुकलंच, विहीणबाई. निघायच्या गडबडीत माझ्याच हातून राहिली."

"असं कसं हो विसरलात? एकुलती एक लेक ना तुमची?"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. त्याचे दात वाजत होते आणि तो ते वाजू नयेत म्हणून तोंड घट्ट मिटत होता. केशरच्या तेव्हा लक्षात आलं, की बंडीची घडीसुद्धा मोडलेली नाही. दोन दिवस बोचऱ्या वाऱ्यात हा माणूस ऊबदार कपडा हातावर घेऊन चालला होता आणि त्यानं तो एकदाही अंगावर घेतला नव्हता, कारण तो लेकीचा होता.

ती गप्प राहिली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं. बंडी पोचली होती आणि दोष अप्पांनी पत्करला होता. परत जाताना ते तो खाली घेऊनही गेले असते.

केशरनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"त्यांच्या हातून नाही राहिली," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी ती बोलत राहिली. "त्यांनी दिली होती. मीच काढून रांजणामागे लपवली. शालू आणायचा होता म्हणून."

सासूनं सूप खाली ठेवलं.

"आणि मी ह्यांना नावं ठेवत होते, ते ऐकत होतीस?"

"हो," केशर म्हणाली. सगळ्यात अवघड एवढा एकच शब्द होता.

सासू उठली. तिनं रंगाऱ्याच्या हातावरची बंडी घेतली, झटकली, आणि केशरकडे न जाता रंगाऱ्याच्याच खांद्यांवर घातली.

"आधी ह्यांना ऊब येऊ दे," ती सुनेला म्हणाली. "तू दीड महिना काढलास, आणखी एक दुपार काढ. जा, चूल पेटव."

रंगारी चुलीपुढे बसला. लेकीच्या मापाच्या त्या लाल बंडीच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच येत होत्या. केशरचा नवरा त्याला बघून आधी हसू दाबत होता, मग त्याला ते दाबवेना आणि शेवटी रंगारीही हसला. केशरनं त्याच्या हातात गरम दुधाचा पेला दिला आणि त्याच्या पायाशी बसून रडली. तो तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला. रांजणाबद्दल त्यानं तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही.

सासू मात्र स्वस्थ बसली नाही. "व्याहीबुवा, मी चार घरी तुमच्याबद्दल बोलले," ती म्हणाली. "त्याच चार घरी जाऊन आता परत बोलते." आणि ती खरंच गेली. दिवेलागणीच्या आत परत आली, हातपाय धुतले आणि केशरला म्हणाली, "आण तो शालू. बघू दे एकदा नीट."

केशरनं शालू आणला. सासूनं तो मांडीवर पसरला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवला.

"ह्यात तुझी एकटीची काय चूक?" ती हळूच म्हणाली. "मी ह्या घरी आले तेव्हा गोधडी टाकून आरसा आणला होता. वर्षभर त्यात बघायला वेळ मिळाला नाही. थंडीत मात्र रोज गोधडी आठवायची."

रंगारी आठ दिवस राहिला. जाताना सासूनं त्याला एक नवं घोंगडं दिलं. केशरनं शालूची घडी घालून त्याच्या हातात ठेवली. "पेटीत ठेवा, अप्पा. मंगळागौरीला येईन तेव्हा नेसेन." ती बंडी घालून वेशीपर्यंत त्याच्याबरोबर गेली. गोठ्याकडच्या बायकांनी तिला पाहिलं. पिवळं लुगडं, पोपटी चोळी, वर लाल बंडी. दुसऱ्या दिवशी निळं लुगडं, नारिंगी चोळी आणि तीच बंडी. कुणालाही ती कणगीसारखी वाटली नाही. उलट दोघीचौघी येऊन विचारून गेल्या, असा कापूस भरायचा तरी कसा?

पुढच्या वर्षीपासून थंडीच्या तोंडाला रंगारी वर येई. येण्याआधी तो निरोप पाठवून विचारायचा, काय आणू? केशरचा उलट निरोप असे, एकच आणा, आणि जे आहे त्याच्याशी जुळेल असं आणा.

तिसऱ्या वर्षी त्या निरोपाला सासूनं आपली ओळ जोडली. "व्याहीबुवा, एक लुगडं माझ्यासाठीही आणा. कोणत्याही रंगाचं चालेल, पण केशरच्या चोळ्यांवर शोभलं पाहिजे. आम्ही दोघी आता अदलून बदलून नेसतो."

तात्पर्य एवढंच: जे एकमेकांना धरून राहतं ते थोडं असलं तरी पुरतं, मग ते कपडे असोत की माणसं.